राणीचा नवरा मोहिमेवर आहे

ग्रंथालयात जाऊन मी सगळ्यात जाड पुस्तक मागितलं, एवढाच माझा गुन्हा.

त्याचं असं झालं. आमची ही मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली, ती दोन महिन्यांसाठी. बाळ झालं, बाळाला दात आले, मुलगी नोकरीवर रुजू झाली आणि दोनाचे नऊ महिने झाले. मी इथेच. पाणीपुरवठा खात्यात गळतीच्या तक्रारी लिहून घेतो. (ऑफिसात मला 'गळती'च म्हणतात. 'गळती आलेत का?' 'गळती आज रजेवर आहेत.' सवय होते माणसाला.)

दिवसभर लोकांच्या घरातलं ठिबकणं बंद करायचं आणि संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरातला नळ मुद्दाम थोडा सैल ठेवायचा, असं माझं चाललं होतं. तेवढाच आवाज. फ्रिज गुरगुरला की मी 'हो हो, खरंय' म्हणायला लागलो होतो. एकदा तो गुरगुरायचा थांबला तर मला वाटलं, आपलं काही चुकलं का?

तेव्हा ठरवलं, पुस्तक आणायचं.

"सगळ्यात जाड द्या," मी म्हणालो.

"विषय?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"जाडी हाच."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, शिडी लावली आणि नऊशे बारा पानांची एक कादंबरी खाली उतरवली. प्राचीन ग्रीकांची. "अकरा वर्षांत कोणी नेली नाही ही," धूळ झटकत त्या म्हणाल्या. (मला ती लगेच जवळची वाटली.)

पहिली चाळीस पानं फार जड गेली. बापाचं नाव 'स'वर संपणारं, मुलाचं 'स'वर, शत्रूचंही 'स'वर. एक कुटुंब मोठ्यानं वाचलं की कुकरच्या शिट्ट्या झाल्यासारखं वाटायचं. शेवटी मीच त्यांना नावं ठेवली. लंगडा सेनापती, तेलवाला, खवचट म्हातारा. मग मात्र असा काही अडकलो की विचारू नका.

काय होतं त्यात? लढाया होत्या, पण लढाई दोन पानांत संपायची. खरी गंमत मधल्या पानांत. अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं, पण एकाची दाढ दुखतेय, एकाला ढाल पेलवत नाही, एकाचं सासूशी पटत नाही. आणि नऊशे बारा पानांत कोणीही एकटं जेवत नाही! दारात अनोळखी माणूस आला तरी म्हणतात, "ये, बस. आधी खा, मग सांग तू कोण ते." हे वाचलं त्या दिवशी मी उकडलेलं अंडं हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. मला कोणी 'आधी खा' म्हटल्याला किती दिवस झाले होते! (ऑफिसात म्हणतात, 'आधी सही करा.')

हळूहळू मी मोठ्यानं वाचायला लागलो. मग प्रत्येकाचा आवाज काढून. लंगड्या सेनापतीसाठी घसा खरवडायचो, म्हाताऱ्यासाठी कवळी काढायचो. पण माझा हातखंडा म्हणजे राणी. नवरा मोहिमेवर गेलाय, तीन वर्षं बेपत्ता आणि इकडे दीर राज्य गिळायला टपलेत. तिच्यासाठी मी बारीक, कापरा आवाज लावायचो. तो मला फारच साधायचा. का, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

आमच्या भिंतीपलीकडे एक निवृत्त नर्स राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. जन्मभर लोकांच्या छातीतली धडधड ऐकल्यामुळे कान अतिशय तिखट. आता पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या मात्र आलं नाही.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात आमची ही, हातात बॅग. मागे सिस्टर, हाताची घडी घालून.

"अगं, कळवलं असतंस तर..."

"कळवून यायला मी काय पाहुणी आहे?" ती थेट आत शिरली. न्हाणीघर पाहिलं, कपाट उघडलं, गॅलरीत डोकावली. "कुठाय ती?"

"कोण?"

"रोज संध्याकाळी जी बोलते ती. बारीक आवाजाची."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आणि काय सांगू, आनंदच झाला! नऊ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं.

"अगं, ती राणी!"

"ऐकलंत? नावसुद्धा सांगतायत," ही सिस्टरना म्हणाली.

"फार सोसलंय गं तिनं."

"लग्न झालेलं आहे?"

"तर! नवरा मोहिमेवर आहे. तीन वर्षं पत्ता नाही."

"म्हणजे फौजेतला," सिस्टर कुजबुजल्या. "वहिनी, त्याच्याकडे बंदूक असणार."

"छे छे," मी म्हणालो, "भाला."

ही मटकन खुर्चीत बसली.

"आणि परवा ते पुरुष कोण आले होते? 'दार फोडा, जाळून टाका' म्हणत?" सिस्टरनी उलटतपासणी सुरू केली.

"ते तिचे दीर."

"सासरच्यांनाही कळलंय!" हिनं कपाळाला हात लावला. "आता जावयाला काय तोंड दाखवू मी?"

"तू नको गं काळजी करूस. पान सातशेच्या आत सगळे मरतात."

"पान?" दोघी एकदम म्हणाल्या.

मी पुस्तक आणून दाखवलं. सिस्टरनी ते नाडी बघावी तसं धरलं, चार पानं उलटली आणि "माझा गॅस चालू राहिलाय," म्हणून निघून गेल्या. ही मात्र हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "बघू, वाचा तुमच्या राणीचं."

मी घसा साफ केला, आवाज लावला. "'गलबतं दिसली का, असं मी आता पहारेकऱ्यांना विचारत नाही. नाही म्हणून सांगताना त्यांच्या फार जिवावर येतं.'"

तिचं हसू थांबलं.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं. या वेळी आवाज काढावा लागला नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ घट्ट बंद केला. "गळतीच्या खात्यात असून घरचा नळ ठिबकतोय," एवढंच म्हणाली.

दोन दिवस राहिली आणि गेली. तिकडे बाळ, मुलीची नोकरी. तिचाही इलाज नव्हता. जाताना मात्र ठरवून गेली. रोज संध्याकाळी सात वाजता मी फोनवर वाचायचं, तिकडे स्पीकर लावून सगळ्यांनी ऐकायचं.

तेव्हापासून सात वाजले की मी कपडे बदलून, केस विंचरून बसतो. डोळ्यांसमोर चित्र येतं. ही, मुलगी, जावई, मांडीवर बाळ, सगळे फोनभोवती गोळा झालेत. परवा राजा परत आला. घायाळ राजा एकटा दिरांशी लढतोय, असा प्रसंग. मी जीव ओतला. वीस मिनिटं सलग वाचलं, तलवारींचा खणखणाट तोंडानं केला आणि ऐन मोक्याला थांबून विचारलं, "सांगा बघू, आता राजा वाचेल का?"

पलीकडे भांडी वाजली.

"घरात कोणी नाही काका," एक अनोळखी आवाज आला. "सगळे बाळाला घेऊन बागेत गेलेत. मी भांडीवाली."

"कधीपासून ऐकताय तुम्ही?"

"मंगळवारपासून."

"आणि आमची ही?"

"काकूंनी सांगितलंय, राणी बोलायला लागली की ध्यानात ठेव, आल्यावर मला सांग. बाकीच्यांचं काही नाही म्हणाल्या."

मी पुस्तकात खुणेचं बोट घालून ते मिटलं.

"थांबलात का? वाचा ना," ती म्हणाली. "फक्त त्या राजाला काय मारायचं ते लवकर मारा. मला अजून दोन घरं करायचीत."