अनुदान आणि आइस्क्रीम

वजीरकाकांनी ठरवलं होतं ते एवढंच, की पाहणीच्या दिवशी मुलांना आइस्क्रीम द्यायचं. आता यात गैर ते काय? (काकांचंही हेच म्हणणं होतं.)

काका बँकेत कॅशियर. संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना बुद्धिबळ शिकवायचे, म्हणून त्यांचा वजीर झाला. हॉलच्या भाड्यासाठी नगरपालिका युवा उपक्रमांच्या अनुदानातून काहीतरी द्यायची. दुसरं कुणी मागायलाच जात नसल्यामुळे ते मिळायचंच, आणि काकांना वाटायचं, आपल्या कर्तबगारीमुळे मिळतं.

मग काकूंनी खाली पार्किंगमध्ये मुलामुलींना सायकल दुरुस्ती शिकवायला घेतली. काकूंचं माहेर सायकलच्या दुकानातलं. काका आधी हसले. मग हॉलमधली मुलं एकेक करून खाली सरकली, तसं त्यांचं हसू आटलं. शेवटी वर दोघेच उरले. त्यातला एक पंख्याखाली झोपायला यायचा. खालून हसण्याखिदळण्याचे आवाज आले की काकांच्या पोटात दुखायचं. लग्नाच्या बायकोचा मत्सर करतोय हे कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून ते पित्ताची गोळी घ्यायचे.

यंदा पैसे कमी आणि मागणारे ढीगभर. समितीने जाहीर केलं, की प्रत्येक उपक्रम जागेवर जाऊन बघू आणि मग खुल्या बैठकीत निर्णय घेऊ. त्याच सकाळी काकूंनी चहाचा कप पुढे करत सांगितलं, "अहो, मीसुद्धा अर्ज केलाय."

"छान," असं म्हणून काकांनी गरम चहाचा असा घोट घेतला की दिवसभर जिभेला चव नव्हती.

समिती आधी वर हॉलमध्ये येणार होती, मग खाली. काकांनी काय केलं, तर त्या दिवशी फाटकापाशी उभं राहून सायकलवाली सगळी फौज जिन्याने वर वळवली. फार काही नाही, फक्त पटासमोर गप्प बसायचं आणि मग आइस्क्रीम खायचं. हॉल असा गच्च भरला, की पंख्याखालच्या मुलाला उठून बसावं लागलं.

समितीच्या अध्यक्षाबाई नगरसेविका होत्या. कमी बोलायच्या आणि सगळं बघायच्या. बरोबर एक दाढीवाले सदस्य होते, ते गर्दी बघूनच खूश झाले. काकांनी शिस्त, एकाग्रता आणि देशाचं भवितव्य यांवर बोलून घेतलं. तेवढ्यात अध्यक्षाबाई खिडकीजवळच्या मुलीपाशी थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "घोडा कसा चालतो गं?"

मुलीने घोडा उचलला, उलटा केला, त्याचं बूड नीट तपासलं. "मोकळा आहे," ती म्हणाली. "तेल नाही लागणार."

काका पुढे सरसावले, पण बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. "तू रोज येतेस इथे?"

"नाही. रोज खाली काकूंकडे. आज काका म्हणाले, इथे बसलं की आइस्क्रीम मिळेल."

दाढीवाल्यांनी हळूच विचारलं, की आइस्क्रीम खरंच आहे का.

खाली पार्किंगमध्ये काकू एकट्याच एका उलट्या सायकलपाशी बसल्या होत्या. आज एकही मूल का आलं नाही, हे त्यांना उमगत नव्हतं. समिती आली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, आणि डोळे पुसताना गालाला ग्रीस लागलं होतं. जिन्यात उभ्या काकांनी ते पाहिलं. पोटातलं दुखणं छातीत सरकलं. त्यावर गोळी नव्हती. मागून मुलं चिकट हातांनी धडधडत आली, न सांगता आपापल्या सायकलींना भिडली, आणि काकूंना सगळं कळलं. त्या घरी आल्यावर एकच वाक्य बोलल्या: "मला नाही ठेवलंत ते आइस्क्रीम." काकांना वाटलं, त्यापेक्षा लाटणं बरं.

बैठकीत दाढीवाल्यांनी सुचवलं, की सगळ्यांना थोडं थोडं द्यावं, कुणी नाराज नको. अध्यक्षाबाई म्हणाल्या, की तसं केलं तर कुणाचंच काम उभं राहणार नाही. ज्यांच्याकडे मुलं आपणहून पुन्हा पुन्हा येतात, त्यांना पुरेसं देऊ. काकूंना अनुदान पूर्ण मिळालं. बुद्धिबळाच्या वाट्याला शुभेच्छा आल्या.

काका उभे राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले, की मुलं मीच पळवली होती, आणि निर्णय बरोबर आहे. एवढं बोलून त्यांना फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आता टाळ्या पडतील म्हणून ते जरा थांबलेही.

टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्षाबाई कागद बघून काकूंना म्हणाल्या, "नियमाप्रमाणे तुम्हाला एक बिनपगारी मदतनीस नेमावा लागेल. मुलं गोळा करण्यात यांचा हातखंडा दिसतो. हे चालतील का?"

काकूंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. लग्नाला होकार देतानाही त्यांनी एवढा विचार केला नव्हता.

"एक महिना बघते," त्या म्हणाल्या. "जमलं तर ठेवते."