नऊ काट्यांचा ट्रक

रामटेकेभाऊंना 'कसे आहात' म्हणून विचारलं, की ते इंजिनाचं तापमान सांगायचे.

"काय भाऊ, बरं आहे ना?"

"ब्याऐंशी. कालपासून ब्याऐंशीच्या वर गेलं नाही."

यावर पुढे काय बोलावं हे शहापुरात कुणालाच कळत नसे. मला कळायचं, कारण तो काटा त्यांना मीच विकला होता. हायवेला लागून आमचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान नवऱ्याच्या नावावर, पण त्याला नट आणि बोल्ट यांत फारसा फरक वाटत नाही. म्हणून काउंटरवर मी.

भाऊंचा ट्रक एकच, जुना, धानाचा. पवनी, आसगावकडचं धान भरायचं आणि राइस मिलवर नेऊन टाकायचं, एवढंच त्याचं आयुष्य. कंपनीने त्याला चार काटे दिले होते, भाऊंनी पाच वाढवले. तापमानाचे दोन, कारण एक खोटं बोलला तर दुसऱ्याने सांगावं. ऑइलचा एक, हवेचा एक, धुराच्या उष्णतेचा एक. स्टेअरिंगमागे जागा संपली तेव्हा एक खिडकीच्या खांबावर गेला आणि एक छताला उलटा. तो उलटा काटा ते मान न वळवता वाचत. आतून तो ट्रक कमी आणि घड्याळजीचं दुकान जास्त वाटायचा.

लोकांना ती हौस वाटे. हौस नव्हती. रामटेकेभाऊंना ऐकू येईनासं झालं होतं.

त्यांच्या ट्रकला इंजिन केबिनच्या आत, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. तीस वर्षं ते डाव्या कानाशी ओरडत राहिलं. आधी डावा कान गेला, मग उजव्यानेही त्याची वाट धरली. आणि हा माणूस एकेकाळी आमच्या भागातला कान होता. दुसरे ड्रायव्हर आपले ट्रक त्यांच्याकडे ऐकवायला आणत. भाऊ लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "दोन नंबरचा टॅपेट कन्हून राहिला." खोललं की दोन नंबरच निघायचा.

मग एका उन्हाळ्यात पवनीहून येताना त्यांच्या स्वतःच्याच इंजिनाचं बेअरिंग ठोके देऊ लागलं. सगळ्या रस्त्याने लोक हात हलवत होते. भाऊ तसेच येत राहिले आणि इंजिन जाम झाल्यावर थांबले.

"एवढे लोकं हात दाखवून राहिले होते, तुम्ही थांबले काहून नाही?" मी विचारलं. त्यांच्यासमोर उभं राहून, तोंड नीट उघडून. तसं बोललं की त्यांना समजायचं.

"मले वाटलं, जयभीम घालून राहिले. मीनं परत जयभीम घातला."

कानाचं मशीन त्यांनी आणलं होतं. ते दोन दिवस लावलं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं. "वहिनी, त्याच्यात इंजिनच इंजिन ऐकू येते. मानूस नाही ऐकू येत." मी म्हटलं, मग आता गाडी सोडा. त्यावर ते इतका वेळ गप्प राहिले की त्यांना समजलं नसावं असं वाटून मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं.

"समजलं," ते म्हणाले. "बायको गेली तवापासून या ट्रकशिवाय मी कुटंच बसलो नाही. आता घरात बसून काय पाहू? छत?"

तर प्रश्न असा होता: कानाचं काम डोळ्यांनी होतं का. झालं तर भाऊ ड्रायव्हर, नाही तर छत. आणि ते ठरणार होतं माझ्या काउंटरवर.

त्यांच्यासारखं गिऱ्हाईक शत्रूलाही मिळू नये. ऑइलचा काटा घ्यायला तीन दिवस आले. मी तारेवाला दाखवला.

"तारेवाला म्हंजे दुसऱ्याच्या तोंडची खबर. मले पाइपवाला द्या. तेल स्वतः काट्यापाशी येऊन सांगन."

"पाइप फुटला तर गरम तेल अंगावर येईन भाऊ."

"येऊ द्या."

आलंच. धुतलेली पांढरी पँट घालून ते एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघाले होते, आणि तेल गुडघ्यावर आलं. पाय भाजला. दुसऱ्या दिवशी लंगडत दुकानात आले ते खूश होते. "पाहा, खोटं बोलला का? तेल होतं म्हनूनच आलं ना!"

तापमानाचा एक काटा हेडलाइट लावला की सात डिग्री वर चढायचा. भाऊंनी निष्कर्ष काढला की म्हातारपणामुळे इंजिन अंधाराला घाबरतं. मी जाऊन पाहिलं. अर्थिंगची तार त्यांनी रंगावरच कसली होती. रंग खरवडून दिला, भीती गेली. काट्यासोबत मी बझर फुकट देते. तो ते दरवेळी काउंटरवर परत ठेवत. "मले काय करायचा? बत्ती द्या. लाल."

मग मोबाइलचं युग आलं. पहिली डबी त्यांनी कुठून तरी परस्परच आणली. ती स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची आणि मोबाइलवर सगळं दिसायचं. भाऊंच्या ट्रकला तसलं सॉकेट नाही, तो ट्रक त्या आधीचा. हे मी सांगेपर्यंत त्यांनी अर्धा दिवस केबिनमध्ये उताणं पडून टॉर्चने सॉकेट शोधलं होतं. अ‍ॅप रोज एकच सांगे: गाडी सापडली नाही.

"मी गाडीतच बसून आहो," भाऊ दुकानात येऊन मोबाइल आपटत म्हणाले, "अन् हा शहाना म्हनते, गाडी सापडली नाही!"

दुसरी डबी मी दाखवली. वेगळा सेन्सर, जवळच्या मोबाइलवर लगेच आकडा. चांगली होती. तिसरी सिमकार्डवाली, जिचा आकडा अर्धा मिनिट उशिरा यायचा. मी स्पष्ट सांगितलं, ही घेऊ नका. अर्ध्या मिनिटात इंजिनाचं वाटोळं होतं. भाऊंनी तीच घेतली.

"काहून?"

"याच्यातलं पुन्याले दिसते."

पुण्याला त्यांची मुलगी, सुषमा. एका दवाखान्यात नर्स आहे. कान गेल्यापासून बापलेकीचं फोनवर बोलणं संपलं होतं. "ती वेगळं बोलते, मी वेगळं बोलतो. दोघंबी शेवटी 'हो हो' म्हनतो अन् ठेवतो." आता तिला तिच्या मोबाइलवर ट्रक कुठे आहे आणि किती तापला आहे ते दिसे. तिचं उत्तर लिहून येई. तेवढं भाऊंना पुरे होतं.

असा कारभार दोन वर्षं चालला. इंजिनाचं एकही दुखणं भाऊंच्या नजरेतून सुटलं नाही. मला वाटलं, जमलं.

आमच्याकडच्या मिलमध्ये ट्रक मागे घेताना कुणी ओरडत नाही, हमाल ट्रकच्या मागच्या फाळक्यावर थाप मारतात. एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. ती थाप लोखंडातून भाऊंच्या सीटपर्यंत पोचायची, त्यामुळे त्यांचं निभत होतं. एक दिवस मात्र मिल नवी होती. हमाल बाहेरगावचे होते आणि ते शिट्टी वाजवत. ट्रकच्या मागे तिथली मजूर शेवंताबाई सांडलेलं धान झाडत होती. शिट्टी झाली, मग ओरडा झाला. भाऊ ट्रक मागे घेत राहिले. एक माणूस समोरच्या काचेपुढे येऊन दोन्ही हात हलवू लागला तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. तोवर चाक तिच्या डाव्या पायावर उभं होतं.

नऊही काटे जागेवर होते.

मागे पाहायचा कॅमेरा माझ्या दुकानात होता, तिसऱ्या रॅकवर. त्यांनी कधी विचारला नाही, मी कधी दाखवला नाही. आम्ही दोघं दोन वर्षं इंजिनाकडेच पाहत बसलो होतो.

शेवंताबाईचा पाय घोट्याखाली कापावा लागला. ती दवाखान्यात होती तेवढे दिवस भाऊ तिच्या खाटेशी स्टुलावर बसून होते. मी डबा घेऊन गेले तर ती भाऊंकडे पाहून सारखं काही पुटपुटत होती.

"काय म्हनते वहिनी?" त्यांनी मला विचारलं. "सारखी बोलते, पन ओठ उघडत नाही नीट. शिव्या देते का माफ करते, समजत नाही. लिहून द्या म्हनलं तं तिले लिहिता येत नाही."

शिव्या होत्या. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "देऊ द्या," आणि स्टूल आणखी जवळ ओढलं.

नंतर एक दिवस त्यांनी लायसन माझ्या काउंटरवर ठेवलं, कागद ठेवावा तसं. "गिऱ्हाईक पाहा. आता तो ट्रक माह्या दारात नको."

गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही. त्या इंजिनाची कीर्ती होती. आसगावचा एक शेतकरी रविवारी येतो म्हणाला. ते सांगायला मी सकाळी दुकान उघडण्याआधी भाऊंकडे गेले. दारातला ट्रक चालू होता. जागेवरच. भाऊ आत, स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेले. मी डाव्या दाराने वर चढले.

"रविवारी येऊन राहिले," मी म्हटलं. "ट्रक पाहाले."

"बरं." त्यांची नजर डॅशबोर्डवर होती. "उभ्या उभ्या साठच्या वर जात नाही हा. चांगलं अर्ध्या तासाचं डिझेल जाते."

"मंग कायले चालू करता?"

"सकाळी नऊले तिची ड्युटी लागते. त्याच्या आधी पाहते ती." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "तिले पायाचं सांगतलं नाही मीनं."

पडद्यावर सुषमाचे निरोप होते. एकाखाली एक, तीन आठवड्यांचे. प्रत्येकात एकच शब्द: दिसलं. ट्रक तीन आठवडे एकाच ठिकाणी उभा आहे आणि साठच्या वर तापत नाही, हेही तिला दिसत असणारच. ती नर्स आहे, आकडे वाचता येतात तिला. पण तिने काही विचारलं नव्हतं. मी पाहत असतानाच मोबाइलची बत्ती लुकलुकली. दिसलं. भाऊंनी चावी बंद केली. ट्रक थरथरून थांबला. ती शांतता फक्त मला ऐकू आली.

"रविवारी येऊ द्या त्याईले," भाऊ म्हणाले. मग चावी खिशात टाकत, "पन मंग सोमवारी तिले काय दिसन?"

मी खाली उतरले. दुकानापाशी येऊन आसगावला फोन लावला.

"तो ट्रक नका घेऊ."

"काहून ताई? परवा तं तुम्हीच म्हनलं, असं इंजिन जिल्ह्यात नाही."

"नीट पाहिलं आज. आतून खराब आहे."

"बरं झालं सांगतलं ताई. तुमच्यावर भरवसा म्हनून विचारलं."

वाईट माल चांगला म्हणून मी कधी विकला नाही. चांगल्या मालाला वाईट म्हणण्याची वेळ ती पहिलीच. फोन ठेवला आणि शटर वर केलं.