खुळखुळ्याची साथ

खुळखुळ्या सापाबद्दल मला कोणी काही शिकवायला येऊ नये! सोनोराच्या या वाळवंटात जन्म गेला माझा. अहो, इतका सभ्य प्राणी दुसरा नाही. चावायच्या आधी शेपटीचा खुळखुळा वाजवून रीतसर सूचना देतो. वाजला, की आपण बाजूला व्हायचं. वाजला नाही, म्हणजे साप नाही. इतकं सोपं आहे! पण माझी बायको रेफूहियो हिने दोन दिवस एकच धोशा लावला होता.

"अहो, सरपणाच्या ढिगाजवळ साप दबा धरून बसलाय."

"वाजला का?"

"नाही."

"मग दोरी असेल."

"दोरी जीभ काढते?"

मी विषय बदलला. मला त्याहून मोठा घोर लागला होता. त्या दुपारी आबुंदियोकाकांच्या मुलीचं लग्न होतं आणि वाजवायला आमचा बँड होता. बँड माझ्या मेहुण्याचा, फुलहेन्सियोचा. तो अकॉर्डियन वाजवतो, मी तोलोलोचे. तोलोलोचे म्हणजे माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा जाड आणि रेफूहियोच्या मते माझ्यापेक्षा उपयोगी असा लाकडी बाजा! तारा बोटांनी ओढल्या, की पोटातून घुम्म करतो. तो हातात नसला, तर मला हातांचं काय करावं तेच कळत नाही. आणि फुलहेन्सियोच्या जावयाने नेमकी विजेवर चालणारी बास गिटार घेतली होती!

"दाजी, आजचा शेवटचा चान्स," मेहुण्याने बजावलं होतं. "तुमच्या त्या कपाटातून आवाज निघाला तर ठीक. नाहीतर उद्यापासून तुमच्या जागी जावई."

आवाज म्हणे! आवाज खुलावा म्हणून आमच्याकडचे वादक बाजाच्या पोटात मेलेल्या सापाचा खुळखुळा टाकून ठेवतात. त्याच्या धाकाने उंदीरही फिरकत नाहीत. मीही टाकला होता. तरी एक उंदीर आत बिऱ्हाड करून राहत होता. बहिरा असावा बिचारा.

सकाळी तोलोलोचे दाराशी टेकवून मी तारा पुसत होतो. तेवढ्यात हा उंदीर बाहेर पडून सरपणाकडे निघाला. आणि ढिगाजवळच्या त्या दोरीने त्याला फटकन दंश करून सोडून दिलं! न वाजवता! उंदीर धडपडत परत फिरला आणि झिजून रुंद झालेल्या भोकातून तोलोलोचेत शिरला. साप जागचा हललासुद्धा नाही. चांगला हातभर लांब आणि अंगठ्याएवढा जाड होता.

"बघितलंत?" रेफूहियो म्हणाली.

"बघितलं! तोंडात आलेला घास सोडला! असला बावळट साप मी जन्मात पाहिला नाही."

"अहो, ते तसंच करतात. धरून ठेवलं तर उंदीर उलटा चावेल ना! म्हणून डसायचं, सोडायचं आणि तो मेला की वास काढत सावकाश जायचं. शिकारीला निघालेला कशाला खुळखुळा वाजवेल?"

"तू माझ्या शर्टाला इस्त्री कर!"

"मी माझा झगा करतेय. तुमची तुम्ही करा."

मी आंघोळ केली, इस्त्री केली, पलंगाखालून दुसरा बूट शोधून काढला. बाहेर येऊन बघतो तर सरपणाजवळ कोणी नाही! "गेला की नाही तोंड लपवून?" मी बायकोला ऐकवलं आणि तोलोलोचे गाडीवर चढवला. मेलेल्या उंदराचं लग्नानंतर बघू म्हटलं.

पहिलंच गाणं सुरू झालं. मी तार ओढली. घुम्म... खुर्रर्रर्र!

फुलहेन्सियोने वळून पाहिलं. "दाजी, हे काय?"

"जुना खुळखुळा आहे. आज सुरात लागलाय," मी मान ताठ करून म्हणालो.

जितक्या जोरात मी ओढावं, तितक्या जोरात आतून खुर्रर्रर्र! म्हातारे टोप्या उडवायला लागले. आबुंदियोकाका बाकानोरा दारूचा ग्लास हातात घेऊन स्टेजपाशी आले आणि ओरडले, "वा रे पठ्ठ्या! असा तोलोलोचे माझ्या आजोबांच्या नंतर आज ऐकला!" तिकडे फुलहेन्सियोच्या जावयाचं तोंड एवढंसं झालं. मला खरंच भरून आलं. जागा वाचली होती!

तेवढ्यात भोकातून एक डोकं बाहेर आलं. मग जीभ. मग वीतभर मान. आणि तिथेच अडलं! आत शिरताना स्वारी सडपातळ होती, आता पोटात अख्खा उंदीर होता. उंदराची गाठ भोकात अडकली होती आणि माझी बोटं त्याच्या तोंडापासून चार अंगुळं लांब होती.

"फुलहेन्सियो, साप!" मी कुजबुजलो.

"साप कसले दाजी, वाघ आहात तुम्ही! थांबू नका!"

"अरे, साप आहे, साप!"

मग ते डोकं नवरीला दिसलं. तिच्या किंकाळीने वऱ्हाड टेबलांवर चढलं. जावई केकच्या टेबलावर चढला, म्हणजे केकमध्येच! मी मात्र तोलोलोचेला मिठी मारून उभा. सोडला तर तो फुटणार, आणि साप मोकळा! शेवटी रेफूहियोने लांबूनच टेबलक्लॉथ भिरकावून त्या डोक्यावर टाकला. अंधार होताच साप आत गेला. मग आम्ही तोलोलोचे जपून उचलला आणि माझ्या घरामागच्या माळावर नेऊन आडवा ठेवला.

"मानलं, दाजी!" फुलहेन्सियोने पाठ थोपटली. "काकांना थोरल्या मुलाच्या बाळाच्या बारशालाही हाच आवाज हवाय. तोलोलोचेतली जागा पक्की! साप निघाला की या. तोवर जावई निभावून नेईल."

"उंदीर पचला की बारीक होऊन निघेल तो," रेफूहियो म्हणाली.

उंदीर पचला. साप बारीक झाला. डोकं बाहेर काढून त्याने चहूकडे पाहिलं आणि तो परत आत गेला! कारण माळावरचे उंदीर बिऱ्हाडाला जागा बघत एकेक करून त्याच भोकातून आत येतात. त्याला आता वास काढत हिंडायचीसुद्धा गरज नाही. वेटोळं करून भोकाशी गप्प बसून राहतो. मी रोज जाऊन लांबून टाळ्या वाजवतो, खडे मारतो, हात जोडतो. काही उपयोग नाही.

लग्नं जोरात चालू आहेत, बारसंही झालं. जावई वाजवतो. पण फुलहेन्सियोचा शब्द काही खोटा ठरला नाही. तोलोलोचेतली जागा अगदी पक्की झाली. सापाची!