दहावा पर्याय

"अहो, खूण केलीय. निघते मी," असं म्हणून सरांच्या बायकोने बॅग उचलली, तेव्हा सर शर्टाला इस्त्री करत होते. खूण कशावर, हे कळायला त्यांना जरा वेळ लागला आणि कळल्यावर ते तसेच तिच्यामागे दाराकडे धावले. इस्त्री शर्टावरच राहिली.

सर अर्थशास्त्र शिकवायचे. माणसापुढे जितके पर्याय जास्त, तितका तो जास्त स्वतंत्र, तेव्हा पर्याय मोजा की स्वातंत्र्य मोजलं, असा त्यांचा सिद्धांत. कॉलेजात सगळे त्यांना 'मोजपट्टी' म्हणत. प्रयोग अर्थातच घरी, बायकोवर. दर रविवारी फ्रिजवर तिच्या पर्यायांचा कागद लागायचा आणि तिने एकावर खूण करायची. आज चार वाजता निवड समितीच्या बाई हा प्रयोग पाहायला येणार होत्या आणि विभागप्रमुखपद त्यावरच ठरणार होतं, म्हणून पर्याय चांगले दहा हवे होते. कपाट आवरणे, पडदे धुणे, बाईंसाठी खायला करणे असे नऊ झाले. दहावा काही केल्या सुचेना. शेवटी सरांनी ठोकून दिलं, 'महिनाभर माहेरी जाणे.' जो कोणी घेणार नाही, तो पर्यायही त्यांच्या शास्त्रात मोजला जायचा.

"अगं, तो नुसता आकडा भरायला होता!"

"मग वर 'मोकळेपणाने निवडा' असं कशाला लिहिलंत?"

"आई, तू तरी सांग हिला!"

सरांची आई चपला घालत होती. "मी कसली सांगतेय? मीपण चाललेय. हिची आई बावीस वर्षं बोलावतेय मला."

"पण तुझा तर कागदच नव्हता!"

"तेच म्हणते मी. मला मेलीला साधा कागदसुद्धा नाही!"

दार लागलं. सर आ वासून बघत राहिले, ते जळका वास येईपर्यंत. शर्टाच्या पाठीवर इस्त्री जशीच्या तशी उमटली होती. दुसरा धुतलेला शर्ट नव्हता. तोच अंगात चढवून ते चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर बायकोच्या अक्षरात नवा कागद होता.

'तुमचे आजचे पर्याय. एक, स्वतः चहा करणे. दोन, उभ्याने चहा करणे. तीन, कुरकुरत चहा करणे...' असे बारा. खाली शेरा, 'माझ्यापेक्षा दोन जास्त. मजा आहे बुवा तुमची!'

सरांनी दूध गॅसवर चढवलं, तेवढ्यात बेल वाजली. बाई वेळेच्या पक्क्या. सरांनी भिंतीला पाठ लावूनच त्यांना आत घेतलं. इकडे दूध उतू गेलं, तिकडे बाईंनी तो कागद वाचला.

"कोणी लिहिलं हे?"

"बायकोने. चेष्टेखोर आहे जरा."

"चेष्टा? अहो, पर्याय बारा आणि काम एकच! तुमचा अख्खा सिद्धांत तिने निकालात काढलाय. नुसते पर्याय मोजून काय उपयोग?"

सर भिंतीला आणखीच चिकटले.

"दोघांनी मिळून नवा निबंध लिहा," बाई म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत तिची संमतीची सही आणा, तर पद तुमचं. नाहीतर विसरा."

बाई गेल्या. बायको माहेरी पोचण्याइतका वेळ गेल्यावर सरांनी फोन लावला. "अगं, तुझी सही नसली तर हातचं पद जाईल गं! ये ना परत."

"माझ्यापुढे पर्याय किती?"

"दोन. सही करणं, नाहीतर न करणं."

"अय्या, दोनच?" पलीकडे दोन्ही आया खदखदून हसल्या. "दहा झाले की कळवा. तोवर आम्ही जरा आडव्या होतो."

सर कागद घेऊन बसले. तिसरा काही केल्या सुचेना.