सोफ्याचा मुलूख काबीज जाहला त्याची हकीकत

ईश्वरकृपेनें घर नांदतें आहे, गिझर चालतो आहे, ऐशा समयीं या घरांत जो रक्तपात जाहला, तोही दोन नळ्यांपुरता, त्याची साद्यंत हकीकत पुढिलांचे माहितीस्तव लिहिली असे.

विमा कचेरीचे हेडक्लार्क, खासे साहेब, यांची स्वारी सायंकाळीं घरीं परते आणि सोफ्यावर आडवी होई आणि मग ‘अंगात सूज आहे’ ऐसा जाहीरनामा निघे. सूज कोठें, हें कोणासही दिसलें नाहीं. परंतु त्या एका सबबीवर भाजी आणणें माफ, कपडे वाळत घालणें माफ, बेसिनचा तुंबलेला पाइप तर हयातभर माफ. बाईसाहेब शाळेचे ग्रंथालयांत दिवसभर पुस्तकें चढवून उतरवून येत आणि मग मुदपाकखान्याची मोहीम एकट्या चालवीत. त्यांची दाढ ठणकत होती. त्याविषयीं त्यांनीं वारंवार अर्ज गुदरले आणि साहेबांनीं पडल्या पडल्या ‘गुळण्या कर’ ऐसा शेरा मारोन ते निकालीं काढिले. शेरा नादान होता, हें आम्ही उघड लिहितों.

एके दिवशीं कॉलेजांत शिकणारी कन्या हंसोन म्हणाली कीं बाबांची सूज फक्त भांडीं घासायचे वेळीं येते. साहेबांस हें बहुत झोंबलें. सुजेचा पक्का पुरावाच आणोन सर्वांचीं तोंडें बंद करावीं, ऐसी मसलत ठरली. सीआरपी नामें एक जासूद आहे. तो यकृताचे कारखान्यांतून निघतो आणि शरीरांत कोठें दाह, म्हणजे सूज, जाहला कीं रक्तांत त्याची गर्दी होते. निरोग्याचे रक्तांतही तो थोडाबहुत असतोच, परंतु लॅबचे हद्दीप्रमाणें लिटरास पांच मिलिग्रॅमचे आंत. साहेबांची स्वारी लॅबवर चालोन गेली, सुई पाहतांच डोळे मिटले, आणि जोडप्यास सवलत होती म्हणोन बाईसाहेबांचेंही रक्त घेतलें. सवलत सोडणें साहेबांचे रिवाजांत नव्हतें.

मग कन्येनें फोनवर रिपोर्ट उघडिला.

“बाबा, पॉइंट आठ! एकदम नॉर्मल. तुम्हाला काही म्हणजे काही झालेलं नाही.”

साहेबांचा चेहरा पडला. निरोगी ठरल्याचा इतका शोक आम्हीं अन्यत्र पाहिला नाहीं. मशीन बिघडलें असेल, नळी बदलली असेल, ऐसे नाना बचाव केले, आणि इतक्यांत कन्येचा आवाज उतरला.

“आई, तुझा सतरा आलाय.”

तेव्हां सर्व मंडळी डॉक्टरीणबाईंकडे दाखल जाहली. त्यांनीं निवाडा दिला कीं आंकडा दाह आहे इतकेंच सांगतो, कोठें तें सांगत नाहीं, तें शोधावें लागतें. मग बॅटरी मारोन तोंड पाहिलें तों हिरडी टरारून सुजलेली. किती दिवस दुखतें, ऐसें पुसलें.

“दोन महिने. आमच्या घरात सूज एकालाच येते, डॉक्टर. माझा नंबर लागत नव्हता.”

साहेब भिंतीवरील तक्ता वाचूं लागले. तो लहान मुलांचे लसींचा होता.

त्याच दिवशीं दंतवैद्यानें दाढेंतील पू काढिला आणि विश्रांतीचा हुकूम जाहला. बाईसाहेब घरीं आल्या आणि कोणास न पुसतां सोफ्यावर निजल्या. साहेब कांहीं वेळ मधोमध उभे राहिले, बसावयास जागा राहिली नव्हती, आणि मग मऊ भात करावा म्हणोन स्वयंपाकघरांत शिरले. डबे वाजले, झांकणें पडलीं, आणि आंतून पुकारा आला.

“अगं, मीठ कुठंय?”

लग्नास बावीस वर्षें जाहलीं होतीं.

“शोधा,” बाईसाहेब म्हणाल्या आणि बधीर गालावर हात ठेवोन त्यांनीं डोळे मिटले.

मीठ सांपडलें नाहीं. भात अळणी जाहला, तो साहेबांनीं तैसाच खाल्ला. बाईसाहेबांची फत्ते जाहली, ती येथें कायम नमूद केली असे.