मस्टर्डचा माणूस

भर दुपारी बंदरावर धुकं उतरलं आणि 'लंगडा खेकडा' पबचं दार ढकलून मस्टर्ड कुत्रा एकटाच आत आला. अंगावर चिखल, मागे फरफटणारा पट्टा. मालकीण लोवेनाने त्याचं रोजचं बिस्कीट समोर धरलं, पण त्याने ते हुंगलंसुद्धा नाही. दाराबाहेरच्या पांढऱ्या पोकळीकडे बघत तो हळू आवाजात रडत राहिला. तो रोज मालकाबरोबर ज्या कड्यावरून यायचा, तिथली पायवाट परवाच्या पावसात ढासळली होती.

तिने तटरक्षकांना फोन लावला.

"कोण हरवलंय?"

"मस्टर्डचा माणूस."

"म्हणजे नाव मस्टर्ड?"

"नाही हो, ते कुत्र्याचं."

"मग माणसाचं काय?"

इथे लोवेना अडली. मस्टर्डचा कोणता कान फाटलाय, त्याला चीज का बाधतं, सगळं तिला तोंडपाठ. पण ही जोडी आत आली की सगळा पब वाकायचा तो कुत्र्याकडे. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे इतक्या वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. स्वयंपाकीण टेगन म्हणाली, दाढी आहे. कोळी जागो म्हणाला, छे, चष्मा आहे, आणि असली माणसं हटकून जेफ्री असतात. मग जेफ्रीच ठरलं.

धुक्यात तटरक्षकांची बोट यायला वेळ लागणार होता. तोवर हातावर हात धरून कोण बसणार? मस्टर्डला स्वयंपाकघरात कोंडून तिघं कड्यावर निघाली. पुढे जागो, त्याचा कोट धरून टेगन, आणि टेगनचा धरून लोवेना. हाक मारली की धुकं ती गिळून टाकायचं. खाली न दिसणारा समुद्र आदळत होता. मग कुठूनतरी, अगदी स्पष्ट, उलट हाक आली, "जेफ्री..."

प्रतिध्वनी असेल, असं जागो पुटपुटला. त्या कड्यावर कधीच प्रतिध्वनी येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी लोवेनाचा कोट धरला. हात गार होता, ओला होता. आणि रांगेत शेवटची तर तीच होती. तिला देवाचं नावही आठवेना.

"घाबरू नका, मी आहे," मागून आवाज आला. "हाका ऐकल्या, म्हणून मीही ओरडत आलो. कोण हो हा जेफ्री?"

'मी' म्हणजे कोण, हे विचारायचं लोवेनाला अवघड वाटलं. असेल गावातलाच. जेफ्री बिचारा कड्यावरून पडला असावा, एवढंच तिने सांगितलं. मग तो माणूस सगळ्यांहून मोठ्याने हाका मारू लागला. जरा वेळाने हळूच म्हणाला, "माझंही कुणीतरी हरवलंय, पण माणसापुढे ते काय सांगायचं? नशीबवान आहे तुमचा जेफ्री. मी हरवलो तर कुणाला पत्ताही लागणार नाही."

"असं बोलू नये हो," लोवेना म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं.

चौघं रिकाम्या हाताने पबात परतली. लोवेनाला रडू आवरेना. रोज येणाऱ्या माणसाला आपण साधं नाव विचारलं नाही! डोळे पुसत तिने स्वयंपाकघराचं दार उघडलं, तसा मस्टर्ड सुसाट सुटला आणि धुक्यातून आलेल्या त्या माणसाला आडवा पाडून त्याचं तोंड चाटू लागला.

लोवेना त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसली.

"तुमचं नाव काय हो?" लोवेनाने विचारलं.

"डेन्झिल," तो जमिनीवरूनच म्हणाला.

तिने त्याला उठवून घट्ट मिठी मारली, गरम सूप पाजलं, आणि आता जन्मात विसरणार नाही अशी आईची शपथ घेतली. जेफ्री सापडल्याचं तटरक्षकांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी मस्टर्डचा पंजा दुखत होता. त्याला घरी ठेवून डेन्झिल एकटाच आला. लोवेना ग्लास पुसता पुसता तोंड भरून हसली.

"या, बसा. पहिल्यांदाच येताय ना आमच्याकडे?"