पायाचं मूळ

शौर्य सव्वा वर्षाचा झाला तरी चालत नव्हता, आणि त्याच्या आईची, तेजस्विनीची, नोकरी त्याच्या पायांत अडकली होती. जवळच्या आळे गावातल्या शाळेत गणिताच्या बाईंची जागा निघाली होती. सोमवारी नमुना-पाठ. सासूबाईंनी, सारजाबाईंनी, एकच अट घातली होती, "पोरगं आंदी पायावर हुभं राहू दी, मंग तू तुझ्या पायावर हुभी राहा."

डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका, चालेल. तेजस्विनी काळजी करतच राहिली. येता-जाता ती शौर्यला भिंतीशी उभं करी आणि तो तितक्याच वेळा समाधानाने खाली बसे.

पाठ वर्तुळाचा होता. कॉलेजात तिने पायची किंमत घोकली होती, पण त्या ग्रीक अक्षराचं नाव 'पाय' का, हे कुणी सांगितलं नव्हतं. पाठात पोरांनी तेच विचारलं तर? म्हणून शेजारच्या दादाभाऊंकडे जाऊन तिने पुण्याला फोन लावला. तिची मैत्रीण इंद्रायणी तिथे गणित शिकवत होती. लाइन खरखरत होती, ओरडूनच बोलावं लागलं.

"पायचं मूळ कशात आहे गं? काय, तोंड? पाय म्हणजे तोंड? बरं, ग्रीकांच्याही आधीचं. फिनिशियन. आणि पायला शेवट नाहीच ना."

दादाभाऊ सुपारी कातरत ऐकत होते. ती 'पायचं' म्हणाली, त्यांनी 'पायाचं' ऐकलं. फरक एका कान्याचा. तेजस्विनी तिथून डेअरीत दूध घालायला गेली आणि दादाभाऊ थेट सारजाबाईंच्या चुलीपाशी.

"वयनी, तेजूनं पुण्याच्या डाक्टरीणबाईला इचारलं. शौर्याच्या पायाचं मूळ तोंडात हाय."

"तोंडात?"

"नाव बी सांगितलं. फिनिशन का काय. इलाजाला शेवट न्हाई म्हनं."

सारजाबाईंनी हाक मारली तसे सासरे हौशीराम कांद्याच्या वाफ्यातून मातीच्या पायांनीच आले. बाळाला चोळायला येणाऱ्या प्रयागबाई तर कपाळाला हात लावून बसल्या. "आन मी येडी इतके म्हैने पायच चोळीत बसले."

तेजस्विनी परतली तेव्हा शौर्य ओसरीच्या मधोमध बसलेला, हौशीराम त्याच्या तोंडात बॅटरी मारताहेत, प्रयागबाईंच्या बोटाला मध. आ कर राजा, आ कर, असं सगळे म्हणत होते आणि म्हणताना स्वतःच आ करत होते.

काय झालं ते कळायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने सासऱ्यांना शांतपणे समजावलं, "मामा, ते अक्षर आहे. दिसायला दोन पायांचं, पण त्याचं नाव तोंडावरून आलंय."

"मंग आमी दुसरं काय म्हणतोय?" हौशीराम म्हणाले. "दोन पाय. मूळ तोंडात."

ती पुन्हा पहिल्यापासून सांगणार, तोच प्रयागबाईंनी बोट पुढे केलं. शौर्यने ते चावलं, तोंड घट्ट मिटलं, मग तो आजोबांच्या गुडघ्याला धरून उठला आणि त्या सगळ्यांकडे पाठ करून आईपर्यंत चालत आला.

तेजस्विनीने त्याला उचलून घेतलं. डोळे पुसता पुसता तिने हेही पाहून ठेवलं होतं की डावी टाच जरा वाकडी पडते.

"बघा, पुण्याचं निदान हाय," दादाभाऊ एवढंच म्हणाले, आणि हे जणू त्यांनीच केलं अशा चालीने गावात सांगायला निघाले.

तेजस्विनीने मग अटीची आठवण करून दिली. सारजाबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी नातवाकडे पाहिलं. तो उतरायला धडपडत होता. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"जा की. सबूद दिलाय म्या. पर आता हे पळायला लागल्यावर याच्या मागं धावायचं कुणी? माझ्या गुडघ्यांत राम न्हाई ऱ्हायला."

तेजस्विनीकडे बी.एस्सी.ची पदवी होती, आणि सोमवार आता परवावर आला होता. तिने हौशीरामांच्या हातातली बॅटरी घेतली.

"आत्या," ती सासूबाईंना म्हणाली, "आ करा."